भोंग्याचा कापलेला प्रवेश

प्रिय खर्ज,

फोन हातात घेतला होता, पण परत खाली ठेवला. पत्रच बरं. पत्रात आपण दोघं सारखे.

आपला गेम बाजारात आला, हे तुला कळलं असेलच. माझ्या भाचीने तो दोन सुट्ट्यांत संपवला आणि जेवताना शांतपणे म्हणाली, "मावशी, राग मानू नकोस, पण तुझा व्हिलन अगदीच ठोकळा आहे गं. येतो, हसतो, मार खातो आणि मरतो." हा ठोकळा मी लिहिलेला नाही, असं तिला सांगायचं होतं. पण सुरुवातीला मोठ्या अक्षरांत 'लेखन' म्हणून माझंच नाव येतं. मग काय, आमटी वाढून घेतली. तेव्हापासून जो जीव जळतोय, तो तुझ्याशिवाय कुणाला सांगू? आपला खलनायक, भोंगा, खरा कोण होता, हे त्याला आवाज देणाऱ्या तुला आणि मलाच माहीत आहे.

किती साधा माणूस होता तो! आकाशात लढाई होणार असली की मनोऱ्यावर चढून भोंगा वाजवायचा, म्हणजे लोक तळघरात जातील. एवढंच त्याचं काम. आणि एके दिवशी तो उडणारा, झगा फडकवणारा नायक त्याला सांगतो, आज भोंगा वाजवू नकोस, शत्रू सावध होईल. हा वाजवत नाही. शत्रू सापडतो, नायकाचा पुतळा उभा राहतो आणि त्या लढाईत एक अख्खी गल्ली माणसांसकट कोसळते. मग सगळे भोंगेवाल्याची कॉलर धरतात: का नाही वाजवलास? नायक तिथेच उभा असतो, आणि काहीच बोलत नाही. माझा खलनायक त्या गप्प बसण्यातून जन्मला होता. त्याला ना राज्य हवं होतं, ना खजिना. काचा फुटतील असा भोंगा रात्रंदिवस वाजवून तो एकच वाक्य मागत होता. नायकाने सगळ्यांसमोर म्हणावं, "मीच नको म्हणालो होतो." आणि शेवटी ते म्हणायचं की लढायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं.

विचार कर ना, नाटकात आपल्याला हे कधी मिळालं होतं का? तिथे प्रेक्षक खुर्चीत बसून हळहळतो आणि घरी जातो. इथे खरं बोलायचं की नाही, याचं बटण त्याच्या अंगठ्याखाली असतं. केवढी मोठी गोष्ट हातात होती! आणि आम्ही त्या बटणाने काय करवलं, तर लाथ मारवली. हे आमच्याच कंपनीत होतं असंही नाही. असले गेम मी ढिगाने खेळले आहेत. नायकाचा झगा वाऱ्यावर कसा हलावा यावर एक माणूस महिनोन् महिने डोळे फोडतो, आणि खलनायक असा का झाला, याला एक ओळ: लहानपणी कुणीतरी हिणवलं होतं. झालं! पुढे नुसता धुडगूस.

रेकॉर्डिंग आठवतं? बाकीचे नट काचेच्या खोलीत एकटे उभे राहून आपापली वाक्यं वाचून जायचे. तू मात्र अडून बसलास. "भिंतीशी भांडायला मी काय खुळा आहे? समोर माणूस पाहिजे." मग नायकाची वाक्यं घेऊन मी समोर उभी. आवाजवाला कानावरचे हेडफोन सारून मला विचारायचा, "मॅडम, तुमचा नायक जग वाचवतोय की भाजी निवडतोय?" आणि शेवटच्या प्रवेशात तुझा आवाज अर्ध्यावर खाली बसला. ज्याने शहर बहिरं केलं तो भोंगा कुजबुजत माझ्याकडे ते एक वाक्य मागू लागला. आवाजवाल्याची थट्टा बंद झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या, काय अभिनय म्हणून. तू पाणी प्यायलास, "घसा धरलाय जरा," म्हणालास, आणि आपण चहाला गेलो.

तो प्रवेश कसा कापला, ते तुला कुणी सांगितलं नसेल. तू तेव्हा इस्पितळात होतास. आमचे साहेब, तेच ते, सगळ्याला 'चकाचक' म्हणणारे, त्यांनी गेम तपासायला बाहेरची मुलं बसवली. वेळ कमी, म्हणून त्यांना गल्लीचा भाग गाळून थेट शेवटाशी नेलं. कुठली गल्ली, कसला भोंगा, त्यांना काही पत्ताच नाही. मग एक अनोळखी माणूस कुजबुजतोय म्हटल्यावर त्यांनी प्रवेश वगळून पुढे जायचं बटण दाबलं. दाबणारच! साहेबांनी त्याचा तक्ता भिंतीवर लावला. "बघा, पब्लिकला भाषण नको." मी म्हटलं, पहिला अंक न दाखवता तिसऱ्याला लोक रडले नाहीत म्हणून तक्रार कसली करता? तर हसून म्हणाले, "मॅडम, व्हिलन म्हणजे शेवटचा दरवाजा. तोडायचा आणि पुढे जायचं. दरवाजाला कशाला हवं मनोगत?" भरल्या मीटिंगमध्ये सगळे हसले. मीही हसले असेन. त्याचाच राग जास्त येतो.

वहिनींचे निरोप येतात. गळ्यावरची जखम भरली, बागेपर्यंत फिरून येतोस, आणि पाटीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत भांडतोस की खडू पुरत नाही. "आवाज गेला, पण खवचटपणा शाबूत आहे," असं त्यांनी कळवलंय. वाचून खूप हसले.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. गेमचा दुसरा भाग येतोय आणि त्यात मेलेला भोंगा परत आणायचा आहे. तुझी जुनी रेकॉर्डिंग मशीनला ऐकवायची, मग ते तुझ्या आवाजात हवं ते बोलेल. त्यासाठी तुझी सही हवी. "तुमचं ऐकतील ते, तुम्ही पटवा," असं सांगून साहेबांनी कागद माझ्याकडे दिला. नवी संहिता मी वाचली. धमक्या आणि हसू, हसू आणि धमक्या. गल्ली नाही, ते वाक्य नाही. आवाजवाल्याने आपला प्रवेश अजून पुसू दिलेला नाही. तोच जसाच्या तसा घ्या म्हटलं, तर साहेब म्हणाले, "त्यात आवाज बसलाय हो. मशीन साफ करून देईल." साफ! तुझ्या गळ्यातून निघालेला तो शेवटचा प्रवेश रे, आणि हा माणूस तो धुवायला टाकतोय. कागद पाठवायचं मी कबूल केलं होतं, तो सोबत आहे. पटवायचं कबूल केलेलं नाही. आवाज कसाही का होईना, पुन्हा ऐकू यावा असं तुला किंवा वहिनींना वाटलं, तर निमूट सही कर. मी एका शब्दाने बोलणार नाही. पण त्या काचेच्या खोलीत तुझ्यासमोर उभी राहून मी म्हणाले होते, "आज भोंगा वाजवू नकोस." ते नायकाचं वाक्य होतं, कागदावरचं. हे माझं आहे: वाजव. पाटीवर लिहितोस तेवढ्याच मोठ्या अक्षरांत त्या कागदावर आडवं लिही, आधी तो प्रवेश, बसलेल्या आवाजासकट, मगच सही. साहेबांच्या टेबलावर तो कागद मी स्वतः नेऊन ठेवीन, आणि या वेळी हसणार नाही.

तुझीच,
समोर उभी राहिलेली