सांध्यावर सांधा

तीर्थरूप बाबांना लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोली उबदार आहे, असं आईला सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? परांचीवर चढत नाही ना?

अभ्रकासारख्या त्या खनिजाची रचना आमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनी एका शास्त्रीय मासिकात छापली. वर्षभर क्ष-किरणांचे फोटो मी काढले, नाव एकट्या त्यांचं. त्यांच्या आकृतीत प्रत्येक थर खालच्या थरावर तंतोतंत बसलाय. दर दुसरा थर थोडा सरकलेला आहे, हे मी आधीच सांगितलं होतं. तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "गवंड्याच्या पोरीने विटाच मोजाव्यात."

मी डूख धरला.

त्यांनी स्फटिक पात्याने कापला होता, त्यात थर वाकले. त्यांनीच टाकून दिलेल्या चुऱ्यातून मी एक न वाकलेला कण उचलला आणि सगळं पुन्हा मोजलं. विटांच्या सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, हे तुम्ही मला सहाव्या वर्षी शिकवलंत. दगडालाही ते ठाऊक आहे, बाबा. साहेबांना नाही.

त्यांची चूक दाखवणारा माझा लेख त्याच मासिकाने घेतलाय. नोकरीचं काय व्हायचं ते होईल, आईला एवढ्यात बोलू नका.

साहेबांना आता त्याच अंकात उत्तर द्यावं लागणार, आणि कोणाला उत्तर देतोय ते पहिल्याच ओळीत लिहावं लागतं. माझं पूर्ण नाव, बाबा. मधे तुमचं. गवंड्याचं नाव ते स्वतःच्या हाताने लिहितील.

तुमची,
विटा मोजणारी