पाटील, सरका जरा

डोंगरकडा,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रवीदादा,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण हळद शिजवायच्या दिवसांत तिला घरात कोण बसवणार? बाबांची तब्येत बरी आहे.

तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. फोनवर माझा आवाज चढतो. तू मेसेज केलास की भीमजयंतीला तुझा बॅले आपल्या गावात ठेवायचा आहे, बाबांची परवानगी घेऊन कळव. म्हणून लिहायला बसले.

आधी चांगलं सांगते. हिंगोलीतला प्रयोग दिसायला देखणा होता. निळा उजेड, पोरींच्या गिरक्या, पाटलाच्या धोतराला जर. माझ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, डोळ्यांचं पारणं फिटलं. मला मात्र शिसारी आली, दादा. दुसरा शब्द सापडत नाही.

बाबांनी लिहिलेलं ‘पाटील, सरका जरा’ हे नाटक या भागात कोणी पाहिलं नाही असं घर नसेल. त्यात आहे तरी काय? बाजेवर बसलेला पाटील आणि पुढ्यात उभा आपल्या वस्तीतला दगडू. दगडू बोलत राहतो, पाटलाला बोलण्यात असा गुंडाळतो की शेवटी पाटील स्वतःच अंग चोरतो आणि दगडू त्याच्या शेजारी बसतो. बाबा दगडू व्हायचे. ‘पाटील, सरका जरा’ हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून यायच्या आधीच अख्खं मैदान ते म्हणून मोकळं व्हायचं. दगडूजवळ जमीन नाही, काठी नाही, फक्त जीभ आहे. तीच तू कापलीस. वर पोस्टरवर काय, तर ‘अजरामर विनोदी नाटकाचा नवा अवतार’. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

दोन तास तुझा दगडू मुका. घसरतो, पडतो, पाटलाच्या पायाशी लोळतो, आणि लोक हसतात. कोणाला हसतात, ते पाहिलंस का? बाबांच्या नाटकात लोक पाटलाला हसायचे. शेवटी तर पाटलासकट ती बाज तू दगडूच्या आणि त्याच्या भाईबंदांच्या खांद्यावर दिलीस आणि रंगमंचभर मिरवलीस. सगळ्यात जास्त टाळ्या तिथंच पडल्या.

बाबांबद्दल लिहायचं टाळत होते. आता लिहिते.

ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते. बाज खांद्यावर चढली तसे ते जागेवर उठून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “पाटील, सरका जरा.” आवाज तोच, भरल्या मैदानातला. पुढचा एक जण वळून म्हणाला, “ओ बाबा, बसा ना खाली, काहून तकलीफ देऊन राहिले?” बाबा बसले नाहीत. पुन्हा तेच म्हणाले. मग तुझ्या दोन माणसांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

त्यांनी बाबांना ओळखलं नसेल, असं मी आईला सांगितलं. पण तू विंगेत उभा होतास. तू ओळखलंस, आणि मग हातानं बाहेर न्यायची खूण केलीस. मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

एसटी स्टँडवर ते चहाचा कप हातात धरून बसले होते. मी विचारलं, राग आला का? तर म्हणाले, “राग न्हाई गं. आवाज चांगला व्हता लेकराचा. चौथीत असताना दगडू केलता त्यानं, ध्यानात हाय का तुह्या?” घरी येऊन जेवले नाहीत.

तुझा प्रश्न मी काल त्यांच्या कानावर घातला. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहिते: “जयंतीला ये म्हना. ते नाचकाम आनू नको म्हना. दगडू कर म्हना. मी पाटील व्हतो, बाजीवर बसतो. बोलून सरकव म्हना मला.”

आता माझं ऐक. बाप आहे तो. तू तोंड उघडायच्या आधीच सरकेल. म्हणून त्या दिवशी बाजेवर त्यांच्या शेजारी मी बसणार आहे, आणि मी अशी सरकायची नाही. तुला बोलावं लागेल.

तुझी बहीण,
सरिता