योगेंद्र भेटायला आला होता

देवपूर, धुळे
दि. १२ नोव्हेंबर २०२५

चि. नवल यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते. माझ्या लेकीच्या, रूपालीच्या बाळंतपणाला मी बंगळूरला पोचलेच नाही रे. गेल्या पावली परत आले.

माय वं! विमान जमीन सोडून वर चढतंय तोच धाडकन आवाज झाला. खिडकीतून पाहते तर इंजिनाचं एवढं मोठं झाकण फडफडलं आणि वाऱ्यावर पत्रा उडावा तसं गेलं! आतलं बठ्ठं, सगळंच उघडं. मी किंचाळले. शेजारच्या बाईने तान्ह्या बाळाला पोटाशी असं आवळलं की ते बिचारं रडायचंही थांबलं. विमान वळवून उतरवलं म्हणून हे पत्र तुला मिळतंय. मागाहून कळलं, झाकणाच्या कड्या कोणी लावल्याच नव्हत्या. कड्या! अरे, तुमच्या रावेरात केळीच्या ट्रकचा फाळकासुद्धा दोनदा ओढून पाहतात. ज्याने हे केलं त्या मुडद्याला उभ्या उभ्या हाकलला पाहिजे.

या सगळ्यात एकच गोड झालं, चढण्याआधी तुझा योगेंद्र भेटला. तिथंच विमानतळावर विमानांच्या दुरुस्तीला ना तो! मीच फोनवर हट्ट धरला, तू आल्याशिवाय विमानात पाय ठेवणार नाही. धावत आला, पाया पडला. मी हाताने लाडू भरवला. ललिताला सांग, पोरगं फार वाळलंय.

तुझी अक्का,
सुंदरबाई

*

रावेर
दि. १९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कास नवलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. अक्का, तो मुडदा आपलाच निघाला. त्या इंजिनाचं काम योगेंद्रकडे होतं. झाकण मिटलं, खाली वाकून कड्या लावणार तेवढ्यात तुझा फोन, पुन्हा फोन. आल्यावर लावू म्हणून पळाला. परत आला तर झाकण मिटलेलं दिसलं, त्याला वाटलं काम झालंय. ज्याने तपासायचं त्यानेही वाकून पाहिलं नाही. आपली आत्या त्याच विमानात बसली आहे हे पोराला ठाऊक होतं, अक्का, आणि तरी हे झालं!

चौकशी होईपर्यंत त्याला घरी पाठवलंय. ललिता घास घेत नाही. त्याने साहेबांना सांगितलंय, मी विमानापासून हललो नाही, कड्या लावल्या होत्या, त्या आपोआप निसटल्या असतील. तेव्हा तुला कोणी विचारलं तर भाचा भेटला होता हे बोलू नकोस. एका लाडवापायी पोराची नोकरी मातीत जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. लहानपणापासून मला पाठीशी घालत आलीस, आता माझ्या लेकालाही घाल.

तुझा नवल

*

देवपूर, धुळे
दि. २५ नोव्हेंबर २०२५

चि. नवल यास आशीर्वाद. वि. वि.

माझ्याच तोंडाने मी आपल्या लेकराला शिव्या घातल्या, आणि त्याला कामावरून ओढून आणणारीही मीच.

पण खोटं मी बोलणार नाही, नवल. राग आला तर येऊ दे. ते तान्हं बाळ डोळ्यांसमोरून हलत नाही. योगेंद्रला आजच्या आज साहेबांपुढे उभं कर. खरं काय ते त्याने स्वतः सांगावं. मी सोबत येते, हट्ट माझा होता हे सांगते. आज म्हणते त्याला कारण आहे, ते लिहायला हात धजत नाही.

विमान उतरल्यावर विमान कंपनीचे साहेब विचारपूस करायला आले होते. मी संतापून म्हटलं, तुमच्याकडे सगळेच असले कामचुकार नाहीत, आमचा योगेंद्र बघा, हातातलं काम टाकून आत्याच्या पाया पडायला आला! साहेबांनी नाव विचारलं. मी तुझ्या नावासकट, आडनावासकट ठसक्यात सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मला वाटलं, पोराला शाबासकी मिळेल.

लोभ ठेव म्हणायला जीभ रेटत नाही, तरी ठेव.

तुझी अक्का