झोपलेल्या कॉम्प्युटरवरची घोंगडी

३ डिसेंबर १९९९, शुक्रवार

आजही उठला नाही! काल संध्याकाळी हायबरनेट केला होता. म्हणजे उघडं काम जसंच्या तसं पोटात ठेवून तो झोपतो. सकाळी बटण दाबलं आणि निळा पडदा. लागोपाठ तिसरा दिवस.

बारामतीच्या पुष्कर सरांनी हा जुना कॉम्प्युटर वीस दिवसांच्या बोलीवर दिलाय. १९ तारखेला ते इथे लासुर्ण्यात बघायला येणार. नीट चालला तर आमच्या ओसरीवर पोरींचा क्लास. नाहीतर डबा परत बारामतीला आणि मी परत चुलीपुढं.

आमचे हे म्हणाले, "दोन हजार साल जवळ आलंय, त्याचीच लागण आसंल." नवरा आहे म्हणून सोडलं!

५ डिसेंबर, रविवार

वही केली. झोपवला कधी, उठवला कधी, काय उघडं होतं. प्रिंटर काढून पाहिला, माऊस बदलला. निळा पडदा तो निळाच. पण पूर्ण बंद करून चालू केला की शहाण्यासारखा चालतो! मग झोपेतच काय होतं याला? खरं सांगायचं तर मला मजा येतेय.

८ डिसेंबर, बुधवार

उठला! सगळं जिथल्या तिथं! काय वेगळं केलं मी? काहीच नाही.

९ डिसेंबर, गुरुवार

सापडलं!! आत्याबाई — माझ्या सासूबाई — रोज संध्याकाळी त्याच्यावर घोंगडी टाकतात, सकाळी मी यायच्या आत ओढून काढतात. तो झोपलाय, असं मीच सांगितलं होतं. "मग थंडीचा उघडा कसा ठिवायचा?" परवा घोंगडी धुवून वाळत होती, आणि कालच तो उठला. आज मी घोंगडी ओढली तर चटचट आवाज, बोटाला झिणझिण्या, आणि बटण दाबताच निळा पडदा. लोकरीची वीज!

जेवताना सगळ्यांसमोर बोलून गेले, "तुमच्या घोंगडीनं माझा क्लास बुडत होता, आत्याबाई." सासरे खो खो हसले. "मेंढरं गेली, पर हिची घोंगडी काय सुटंना!" आत्याबाई उठल्या, घोंगडीची घडी घालून ट्रंकेत ठेवली.

या घरात कॉम्प्युटरला हो म्हणणाऱ्या त्या एकट्याच. "यिऊ द्या की. पोरगी शिकलीय, कुठं वापरायचं तिनं?" असं म्हणाल्या होत्या.

१२ डिसेंबर, रविवार

तीन दिवस, तिन्ही वेळा उठला. कारण बरोब्बर पकडलं मी!

आत्याबाई मात्र ओसरीवर फिरकत नाहीत. आधी रोज सकाळी "उठला का गं?" म्हणून विचारायच्या. आज मीच हाक मारली. म्हणाल्या, "नगं बाई. माजा हात लागायचा."

फार लागलं. पण मी खोटं कुठं बोलले? वहीत तर स्पष्ट दिसतंय.

१४ डिसेंबर, मंगळवार

निळा पडदा.

घोंगडी ट्रंकेतच आहे, दोनदा बघून आले. पाच दिवस ती बाहेर निघालेलीच नाही.

सर रविवारी येतील तेव्हा येतील. बोलले होते सगळ्यांसमोर, माफीही सगळ्यांसमोरच मागते. ताटं मांडतायत आत. जाते.