दक्षिण तटावरचा एसी

ग्वारीघाटासमोर,
नर्मदामैयाचा दक्षिण तट

ती. विनताताईस,

हेमलताचा वाकून नमस्कार. (या गाडीत वाकता येतं, पण पुन्हा ताठ होताना डोकं वरच्या कपाटाला लागतं, म्हणून नमस्कार बसूनच केला आहे. रागावू नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? बीपीची गोळी घेतेस ना, की आल्हादने विचारलं की घेतली म्हणतेस? त्याला आशीर्वाद. फोनवर तू नुसती "हॅलो, हॅलो" करतेस आणि मी ओरडून ओरडून आपल्या घरातलं सगळं, जिथे गाडी उभी केली आहे त्या आश्रमाला ऐकवते, म्हणून हे पत्र. दीक्षितपुऱ्यातला आमचा पुतण्या अनुपम उद्या नागपूरला निघाला आहे, त्याच्या हाती देते.

तर ताई, एसी चालू झाला! हे आधीच सांगून टाकते, कारण "मावशी, गाडीचा एसी चालत असेल तरच आईला पाठवीन," ही तुझ्या लेकाची अट मला अमरकंटकापासून डाचत होती. परिक्रमा दोघींनी मिळून करायची हे आपलं लग्नाआधीपासूनचं बोलणं. सगळी नाही तर निदान इथून समुद्रापर्यंतचा तट तरी तू माझ्याबरोबर असावंस, एवढंच मी मैयाकडे मागितलं होतं. आणि आडवी आली कोण, तर टपावरची ती एसीची पांढरी पेटी.

गाडी तू फोटोत पाहिली आहेसच. रिटायर झाल्यावर ह्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि तिच्यात दोन पलंग, ओटा आणि एक एवढंसं न्हाणीघर बसवलं. (त्यात साबण खाली पडला तर उचलायला बाहेर यावं लागतं.) वर एसी. पायी चालणारे परिक्रमावासी आमच्याकडे बघून "नर्मदे हर" म्हणतात तेव्हा मला थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण गार वाऱ्याचा झोत आला की ते जातं. ह्यांचा जन्म गाड्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात गेला, त्यामुळे एसी बिघडला तेव्हा मी निर्धास्त होते. हेच चुकलं.

बिघाड असा की सकाळी एसी ठीक, संध्याकाळी ठीक, आणि भर दुपारी, जेव्हा जीव नुसता उकडून निघतो, तेव्हा पंखा चालू पण वारा गरम! ह्यांनी आधी जाळी धुतली. मग गॅसवर संशय घेतला. मग आश्रमाच्या विजेवर. आमची वायर एका प्लगमधून काढून दुसऱ्यात घातली मात्र, आश्रमातले सगळे पंखे बंद पडले. इथे एक मौनी महाराज आहेत. ते बाहेर आले, ह्यांच्याकडे एकटक पाहिलं आणि पाटीवर "पंखा?" एवढंच लिहून पाटी ह्यांच्या नाकासमोर धरून उभे राहिले. ह्यांनी वायर निमूटपणे पहिल्या प्लगात घातली.

आता खरी गंमत ऐक. हत्यारांची पेटी राहिली घरी, मदन महालला. घर कुठे, तर नदीपलीकडे! संध्याकाळी, जिथून परिक्रमा उचलली त्या ग्वारीघाटावरच्या आरतीचे दिवे इथून दिसतात, आणि आम्ही मात्र पलीकडे जाऊ शकत नाही, कारण परिक्रमेत मैया ओलांडली की सगळं फुकट. शेवटी अनुपम पुलावरून पेटी घेऊन आला. (येताना माझ्यासाठी लोणच्याची बरणीही आणली, गुणी आहे.) ह्यांना घामाघूम बघून म्हणतो, "काका, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले? दहा मिनिटात पूल पार, सीधे घर. मैया को क्या पता चलेगा?" ह्यांनी पुलाकडे अशा नजरेने पाहिलं की मी गाडीची किल्ली काढून घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. अजून तिथेच आहे.

मग ह्यांनी भर दुपारी सदरच्या गौतम मेकॅनिकला फोन लावला, "अभी के अभी आओ, अभी बंद है!" तो आला दिवे लागल्यावर. तोवर एसी असा गार झाला होता की त्याने अंगावर घ्यायला काही आहे का विचारलं. "अंकलजी, मशीन तो एकदम फिट है. आप थोड़ा आराम करो," म्हणाला, दोन कप चहा प्यायला आणि गेला. हे किती तरी वेळ त्याच्या स्कूटरच्या दिव्याकडे बघत उभे होते. मला इतकी दया आली!

आता जे सांगते ते फक्त तुला. परिक्रमेपुरतं मी पूजेचं सोवळं पाळायचं ठरवलं आहे. (हसू नकोस. शाळेत विज्ञान शिकवलं म्हणून काय झालं?) रोज सकाळी मैयात स्नान, पूजा, मग ती नऊवारी धुऊन जिथे कुणाचा हात लागणार नाही अशा जागी वाळत घालायची. अशी जागा म्हणजे टप. आणि टपावर उंच, स्वच्छ, कायम कोमट असं एकच ठिकाण! मागच्या शिडीवरून चढायचं, पेटीवर साडी छान चारी बाजूंनी पसरायची, संध्याकाळी उतरवायची. साडी अशी कडक वाळायची की बघत राहावं. काल दुपारी वारा सुटला, साडी उडेल म्हणून वर गेले, तर पेटी तव्यासारखी तापलेली आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या माझ्या नऊवारीने गच्च झाकलेल्या. गरम वारा बाहेर जाणार कुठून? ताई, वर ऊन आणि आत शरम, मी दोन्हीकडून भाजून निघाले.

साडी गुंडाळली आणि गुपचूप खाली आले. हे आत पेचकस घेऊन काहीतरी घट्ट करत होते. थोड्या वेळाने पेटी गुरगुरली आणि असा गार वारा सुटला की अनुपम नाचायलाच लागला. मी म्हटलं, "अगबाई, तुमच्या हातात जादू आहे!" आणि गंमत बघ, स्वतःची स्तुती एरवी दोनदा सांगायला लावणारा हा माणूस चक्क म्हणाला, "छे, मी कुठे काय केलं?" आश्रमातल्या सगळ्या पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या गाडीत आल्या. दोन पलंगांवर किती बसल्या ते मैयाच जाणे. टाळ्या वाजवून भजनं झाली. एक माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "बिटिया, इत्ती ठंड तो अमरकंटक में भी नईं हती." गाडीत जागाच उरली नाही, तेव्हा आम्ही दोघं बाहेर कडुनिंबाखाली खाटेवर बसलो होतो. मला इतका आनंद झाला होता की ह्यांना उगीचच एक लोणच्याची फोड भरवली.

तेव्हा ताई, ये. रविवारी आम्ही नरसिंगपूरला थांबतो, आल्हादला तिथवर सोडायला सांग. खिडकीजवळचा पलंग तुझा. बाकी भेटीत बोलूच, तोंडं दोन आणि किनारा लांब.

तुझी,
हेमा

ता. क. साडीचं ह्यांना कळू देऊ नकोस हो. केवढे खूश आहेत, आयुष्यात पहिल्यांदा विनयाने वागताहेत. मोडायला नको.

ता. क. दुसरा. ताई, सा. न. मी रत्नाकर. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे ठाऊक आहे, पण हातात होतं. साडी मला पहिल्याच दुपारी दिसली होती. तपासणी खात्यातल्या माणसाला टपावरची नऊवारी दिसणार नाही होय? सोवळ्याची म्हणून हात लावता येईना, आणि बोलता तर त्याहून येईना. ग्वारीघाटावर संकल्प सोडताना कुणी साखर सोडतं, कुणी चहा. मी परिक्रमा पुरी होईपर्यंत हेमलताच्या चुका काढणं सोडलं आहे. (तिला सांगितलेलं नाही. विश्वास बसला नसता.) गौतमने तरी सांगावं म्हणून बोलावलं, तर तो साडीची घडी झाल्यावर आला. ताई, एसी असो नसो, तुम्ही या. खिचडीत मीठ नसतं, शिडीवर ती चपला घालून चढते, आणि नकाशा उलटा धरून मला वळणं सांगते. मोठ्या बहिणीने सांगितलेलं चालतं. मला घाटावर परत पोचेपर्यंत गप्प राहायचं आहे, आणि समुद्र अजून यायचाच आहे.