चाकाखालचं लिंबू

दसरा, संध्याकाळ

आज ट्रेलरच्या दाराला झेंडूचं तोरण बांधलं. अपार्टमेंटचं भाडं परवडेना म्हणून संजूने उन्हाळ्यात हा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं घर, घेतला. मुलगा इथे अमेरिकेत, सांता क्लारात इंजिनिअर, आणि मी, तो, सूनबाई पत्र्याच्या डब्यात. नागपूरच्या माझ्या दोन खोल्या त्यानेच विकायला लावल्या. "बाबा, आता परत कशाला जायचंय?" म्हणाला होता. मी तरी सही का केली?

तोरण बघून संजू हसला. "बाबा, चाकांनाही हार घाला. गाडीच आहे ही."

गमतीत म्हणाला असेल. पण जन्मभर ट्रक चालवला, केबिनमध्ये झोपलो, ते म्हातारपणी घरात झोपायला मिळावं म्हणून. परत चाकांवरच आलो ना?

तरी हार घातला. चाकाखाली लिंबूही ठेवलं. पूजा झाली की गाडी पुढे घेऊन ते चिरडायचं असतं. ट्रकखालचं दरवर्षी मीच चिरडायचो. हा ट्रेलर ओढेल अशी गाडी संजूकडे नाही. ट्रेलर उभा करायला ज्याची जागा भाड्याने घेतलीय, त्या पार्कवाल्याने उद्या जागा सोडा म्हटलं तर?

आत्ता परत वाकून बघितलं. लिंबू तसंच आहे, अख्खं.