राहायचा सराव

ती. वन्सं,

नातीच्या वेणीची रिबीन मी दातांत धरली होती, एक डोळा गॅसवरच्या दुधावर होता आणि पायाने तिचा दुसरा मोजा पलंगाखालून ओढत होते. मोरीत कपडे भिजत पडले होते. सून कामावरचं ओळखपत्र शोधत तीच ती चादर पुन्हा पुन्हा झटकत होती आणि मुलगा गॅलरीत उभ्या उभ्या चहा पीत खाली शाळेची व्हॅन आली का ते बघत होता. म्हणजे आमच्याकडे रोज असते तशीच सकाळ होती. तेवढ्यात नात डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "आजी, आज मी आजारी पडले तर चालेल का? कुणाला अडचण नसेल तर." रिबीन माझ्या दातांतून सुटली. आजारी पडायला परवानगी मागणारं पोर मी आजवर पाहिलं नव्हतं. (दूध अर्थातच उतू गेलं. ते आमच्या घरात कुणाची परवानगी मागत नाही.)

बघा, तुम्हाला ती. वन्सं एवढं लिहिलं आणि लगेच दूध-मोजे काढून बसले. तुमची विचारपूस राहिलीच. गुडघे कसे आहेत? तेल लावता का, की बाटली नुसती कपाटात उभी आहे? शेजारणीशी खिडकीवरून चाललेलं भांडण मिटलं असेल तर वाईट वाटेल, कारण त्या भांडणाने तुमची तब्येत चांगली राहते असं माझं मत आहे. मी बरी आहे. तुम्ही मागच्या खेपेला फोनवर म्हणालात की मी तुम्हाला विसरले. विसरले नाही. घर शोधत होते, आणि घर शोधणाऱ्या माणसाला स्वतःचं डोकं कुठे ठेवलंय तेही आठवत नाही.

तर घर का शोधायचं, ते सांगते. मुलाचं लिफ्ट दुरुस्तीचं वर्कशॉप शहराच्या एका टोकाला, सुनेची रक्त तपासायची लॅब दुसऱ्या टोकाला, नातीची शाळा तिसऱ्या टोकाला, आणि मी चौथ्या टोकाला, म्हणजे घरात. व्हॅन सगळ्यात आधी आमच्या पोरीला उचलते आणि सगळ्यात शेवटी सोडते. त्यामुळे शहरातल्या इतर सगळ्या मुलांची घरं तिला पाठ आहेत, स्वतःच्या घरात मात्र ती झोपेपुरती येते. पुलाच्या वळणावर तिला उलटी होते. रात्री ताटावर मान टाकते. आवरण्यात ती मुळातच संथ (आम्ही तिला गोगलगायच म्हणतो, तीही त्या हाकेला ओ देते), त्यात ही दगदग. शाळा सोडवावी तर शाळा चांगली आहे, बाई जीव लावून शिकवतात, आणि प्रवेशासाठी मुलाने इतके उंबरे झिजवलेत की शाळा सोडायचं नाव काढलं तरी त्याच्या तोंडचं पाणी पळतं. तेव्हा हलायचं ते आपणच, असं ठरलं.

आम्ही दर रविवारी घरं बघायला लागलो. एजंट म्हणून जो माणूस मिळाला त्याचं नाव काहीही असो, आमच्या घरात तो दहा मिनिटं. शाळा किती लांब? दहा मिनिटं. बाजार? दहा मिनिटं. दवाखाना? दहा मिनिटं, आणि गरज पडली तर आठ. माझं सगळं शिक्षण, तुम्हाला माहीतच आहे, तुमच्या भावाच्या बाइंडिंगच्या कारखान्यातून आलेल्या बिघडलेल्या पुस्तकांवर झालं. कुठे सोळाव्या पानानंतर एकदम तेहेतिसावं, कुठे एकच प्रकरण दोनदा. मधलं काय गेलं असेल ते मी भांडी घासताना जुळवायची. त्यामुळे एखादा माणूस बोलताना मधली पानं गाळतोय का ते मला पटकन कळतं. हा दहा मिनिटं तर नुसतं वेष्टन दाखवत होता.

पहिलं घर शाळेजवळ होतं, नवव्या मजल्यावर. हवा, उजेड, सगळं छान. आम्ही खोल्या बघत होतो तोवर मुलगा गच्चीवर जाऊन लिफ्टची मशीन बघून आला. ऑपरेशन करून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखा चेहरा. म्हणाला, "आई, या लिफ्टमधून मी मांजरसुद्धा पाठवणार नाही." दुसरं घर सुनेच्या लॅबसमोर. तिने दारातूनच मान हलवली. म्हणे, इथे राहिले तर शेजारीपाजारी सकाळी बाही वर करूनच बेल वाजवतील. तिसरं घर मुलाच्या वर्कशॉपला चिकटून. सून म्हणाली, घेऊ या, यांची धावपळ वाचेल. मुलगा म्हणाला, नको, तुझी बस लांब पडेल. ती म्हणाली, पडू दे. तो म्हणाला, पडू देणार नाही. एकमेकांवर इतकं प्रेम मी त्या दोघांत लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं, म्हणून मला संशय आला.

मग मी लक्ष ठेवलं. वन्सं, खरी गोष्ट अशी की त्या दोघांनाही आपापल्या कामाजवळ राहायचंच नाही. मुलगा स्कूटरवरून येताना मोठ्याने गातो. (पलीकडच्या मेकॅनिकने सांगितलं. सिग्नललाही थांबत नाही म्हणे, म्हणजे गाणं.) सुनेला बसमध्ये खिडकीशी जागा मिळते आणि तेवढा वेळ तिला कुणी आई, सूनबाई, मॅडम अशी हाक मारत नाही. एकदा ती मला म्हणाली, "आई, बसमध्ये मी काहीच करत नाही हो." हे ती दागिना दाखवावा तसं सांगत होती. आता अशा माणसांना कामाच्या दारात नेऊन ठेवणं म्हणजे त्यांच्या घशातला घास काढणं. मी बोलले नाही. नवरा-बायकोने एकमेकांसाठी केलेला त्याग फुकटचा आहे हे तिसऱ्याने सांगू नये.

आणि माझं काय, असं दोघेही दर घरात विचारायचे. मी म्हणायची, माझं काय, मला कुठेही चालेल. असं म्हणून मग हळूच नळाखाली हात धरायची, खिडकीची कडी हलवायची, आणि काहीतरी काढायची. इथे ऊन येत नाही. इथे फार ऊन येतं. चौथं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर, लिफ्टचा प्रश्नच नाही, दोन खोल्या आणि एक बोळकंडीसारखी तिसरी. सगळ्यांना पसंत पडलं. मी म्हटलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आहे. मुलाने भिंतीला हात लावला, सुनेने लावला, दहा मिनिटंने तर गाल लावला. भिंत खडखडीत कोरडी. मी म्हटलं, पावसात कळेल. परत येताना गोगलगाय माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि झोपेत तिचा एक पाय व्हॅनमध्ये बसल्यासारखा हलत होता.

त्या पायाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. मी सोमवारी सुनेला म्हटलं, रविवारी बघितलेल्या घरांचं काही खरं नाही. रविवारी रस्ते रिकामे, माणसं आंघोळ केलेली, कुणालाच कुठे पोचायचं नाही. घर बघायचं तर शाळेच्या दिवशी बघायला हवं. उद्या मी पोरीला घेऊन पहाटेच्या बसने जाते आणि त्या तळमजल्यावरून तिला शाळेत सोडते. सून म्हणाली, "अहो आई, पण ते घर बंद आहे." मी म्हटलं, बंद असेना, पायरी तर उघडी आहे.

तर मंगळवारी आम्ही दोघी अंधारातच निघालो आणि दिवस वर यायच्या आत त्या बंद दाराच्या पायरीवर जाऊन बसलो. मी बरोबर सगळं नेलं होतं. डबा, पाणी, कंगवा, रिबीन. पोरीला म्हटलं, आपण आत्ता उठलोय असं समजायचं. तिने ते इतकं मनावर घेतलं की आधी पायरीवर आडवी झाली, मग मला हाक मारायला लावली, मग "अजून पाच मिनिटं" म्हणाली, मग घातलेले मोजे काढून पुन्हा घालायला घेतले आणि नेहमीप्रमाणे एक घालून विचार करत बसली. मी तिची वेणी घालत होते तेवढ्यात वॉचमन आला. वयस्कर माणूस, हातात झाडू. म्हणाला, "बाई, कुणाकडे आलात?"

मी म्हटलं, "कुणाकडे नाही. आम्ही इथे राहायचा सराव करतोय."

त्याने आत जाऊन एक प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाला, "मग नीट बसून करा. पायरी गार असते." (असा माणूस इमारतीला असेल तर भिंतीला ओल असली तरी चालते, असं मला वाटून गेलं.) झाडता झाडता त्याने चौकशी केली. घरात कोण कोण, मुलगा काय करतो, सून नोकरीला का. मग म्हणाला, "आणि मालक?" मी म्हटलं, "नाहीत." तो म्हणाला, "असं होय." आणि पुढचा कोपरा झाडायला गेला.

त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण वन्सं, मी रिबीन हातात धरून बसूनच राहिले. आमच्या गल्लीत 'नाहीत' म्हणायची वेळच येत नाही. पायरी उतरले की न्हावी सांगतो, भाऊ टक्कल पडल्यावरही महिन्याला यायचे, नुसत्या गप्पांना, आणि गप्पांचेही पैसे देऊन जायचे. वाण्याकडे ते उभे राहायचे तो कोपरा अजून त्याच नावाने ओळखला जातो. शेजारची म्हातारी चष्मा सापडेना की माझ्यावर ओरडते, जणू ह्यांनीच पूर्वीसारखा वाचायला नेलाय. मला काही करावं लागत नाही, सकाळपासून चार माणसं त्यांना आठवून मोकळी होतात. ह्या नव्या गल्लीत आठवण काढायचं सगळं काम माझ्या एकटीवर पडणार. तिथे मी त्यांची बायकोही असणार नाही, एक आजीबाई असेन, फार तर तळमजल्यावरची. ओल भिंतीला कशाला असेल!

पोरीने ओढलं म्हणून उठले. तिच्या चालीने चाललो. वाटेत तिने एक कुत्रं बघितलं, एक बंद पडलेली मोटार बघितली, भिंतीवरचा पाला बघितला, दोनदा उलटी चालली. तरी आम्ही शाळेशी पोचलो तेव्हा फाटक नुकतं उघडलं होतं. ती आत गेली आणि मैदानाच्या मधोमध थबकली. मैदान रिकामं होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, आता काय करायचं?" मला आधी कळेना. मग कळलं की घंटेच्या आधी ती शाळेत कधी आलीच नव्हती. मी म्हटलं, खेळ. ती म्हणाली, "चालेल?" आणि दप्तर तिथेच मातीत टाकून पळत सुटली. वन्सं, आमची गोगलगाय पळते. चांगली जोरात पळते. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी मुलाला सांगितलं, भिंत कोरडी आहे, घर घ्या. त्याने विचारलं, "आई, नक्की ना? तुझं काही?" मी म्हटलं, माझं काय, मला कुठेही चालेल. ह्या खेपेला सून माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, आणि मग तिने माझ्या हातातली भाजी निवडायला घेतली. दोघांचीही ये-जा आता पहिल्यापेक्षा लांब पडणार आहे. त्याबद्दल ते फार हळहळले. मुलगा तर हळहळताना शीळ घालत होता.

सामान बांधणं चालू आहे. पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा दहा मिनिटंला व्यायामाचं यंत्र वाटला, तो उचलायला गेला आणि आता त्याची कंबर धरली आहे. दवाखाना किती लांब, असं मी त्याला मुद्दाम विचारलं नाही.

तुम्ही मोठ्या आहात, आशीर्वाद असू द्या. गुडघ्यांना तेल लावा.

तुमची,
भावजय

ता. क. तिसरी खोली बोळकंडीसारखी आहे असं वर लिहिलं, पण तिच्यात एक पलंग नीट बसतो. मी मोजून आले. तुम्ही यावं. पाहुणचाराला नव्हे, चांगल्या मुक्कामाला. आपलं दोघींचं एका घरात कधी पटलं नाही हे मला माहीत आहे, आणि तुम्ही आल्यावर माझ्या स्वयंपाकात मीठ कमी पडणार हेही. पण तुम्ही अजून त्यांना झिपऱ्या म्हणता. तुम्ही येऊन बसलात की त्यांना नावं ठेवाल, लहानपणी काय काय फोडलं ते पोरीला सांगाल, आणि मला त्यांची बाजू घेऊन भांडावं लागेल. त्या घरात हे करणारं दुसरं कुणी नाही. शेजारणीला खिडकी देऊन टाका.

आणखी एक ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी मी एकटीच नव्या गल्लीत गेले. तिथल्या दुकानात तांदूळ आणि साबण सांगितले, आणि सामान कुणाच्या नावाने पाठवू असं दुकानदाराने विचारलं तेव्हा मी तुमच्या भावाचं नाव दिलं.